पाठ टेकू दे

प्रिय पोरा,
सप्रेम आशीर्वाद.

मंगळवारी ज्युदोचा क्लास सुटल्यावर तू कुणाशी न बोलता बॅग उचललीस आणि गेलास. रात्री तुझा मेसेज आला, "काका, महिनाभर थांबतो म्हणतोय, कामाचा लोड आहे." लोड असणारच. इथं बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आठ तास उभं राहायचं, मग तिसऱ्या गेटची गर्दी काढत मॅटवर यायचं, हे सोपं नाही. पण तुझं थांबायचं कारण ते नव्हे, असं मला वाटतं. मंगळवारी झालं ते मी जवळूनच बघितलंय. मेसेजमध्ये दोन ओळींत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहायला बसलोय.

त्या दहावीतल्या पोरानं तुझी उजवी बाही ओढली, पाठ वळवली आणि तुझ्या काखेखाली खांदा घातला. इप्पोन सेओई नागे. आपल्याकडच्या धोबीपछाडीचाच भाऊबंद. डाव बसला होता, तुझ्या टाचा उचलल्या गेल्या होत्या. त्याच वेळी तू डावा हात त्याच्या कंबरपट्ट्यात खुपसलास, अंग ताठ केलंस आणि सगळं वजन मागं खेचलंस. तुझं वजन 74 किलो, त्याचं 50 सुद्धा नसेल. डाव अर्ध्यात अडकला, दोघं आडवे कलंडलात, आणि जाता जाता तू तो डावा हात सोडून तळवा मॅटवर रोवलास. मनगट वाचलं ते नशिबानं. पोरगं गुडघा धरून बसलं. पाच मिनिटांनी उठलं, "काय नाही ओ, बरं आहे," म्हणालं. तू मात्र मान वर केली नाहीस.

पोराचा गुडघा ठीक आहे. काल त्याच्या आईशी बोललो. ते आधी मनातून काढ.

आपण ज्या मुलखात वाढलो तिथं पाठ टेकणं म्हणजे हार. येळ्ळूर, कंग्राळी, कडोली, तिकडं निपाणीपर्यंत गावोगावी तालमी होत्या, अजून काही आहेत. माझे चुलते तालमीतले. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवून केलेला आखाडा मी लहानपणी रोज बघितलाय. जत्रेतल्या मैदानात कुस्ती गेली की चुलते पाठीची माती धुतल्याशिवाय गल्लीत पाऊल टाकायचे नाहीत. ते बघत मोठं झालेलं अंग तिशीला आल्यावर मॅटवर उभं राहतं, तेव्हा पाठ खाली जायला लागली की ते आपसूकच ताठ होतं. त्यात समोर शाळकरी पोर आणि भिंतीला टेकून बघणारे त्याचे चार मित्र. तुला त्या वेळी काय वाटलं ते मला नेमकं ठाऊक आहे.

पण चुलत्यांची दुसरी गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. मैदानात पाठ जपणारे चुलते तालमीत दिवसातून चाळीस वेळा पडायचे. नव्या पोराला टांग शिकवायची तर वस्ताद त्यांनाच पुढं उभं करायचे, आणि ते पोर नीट फेकेपर्यंत हे पडत राहायचे. तालमीत पडून देत नाही त्याला कुणी जोड देत नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

ज्युदोत तर हे नावातच आहे. डाव घेणारा तो तोरी, आणि घेऊ देणारा तो उके. 'उके' या शब्दाचा अर्थच मुळी 'स्वीकारणारा'. पडण्याच्या विद्येला उकेमी म्हणतात, म्हणजे अंगावर घेणं. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत एईशोजी नावाच्या देवळात शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे 12 चटयांची जागा होती. वडगावात माग बसवलेली एखादी खोली असते, साधारण तेवढी. एवढ्याशा जागेत माणसं एकमेकांना फेकत होती, तर एकमेकांना सांभाळल्याशिवाय ते एक आठवडाही चाललं नसतं. कानोंनी पुढं दोन सूत्रं सांगितली. ताकद वाया न घालवता नेमकी वापरणं हे पहिलं. दुसरं 'जिता क्योएइ', आपलं आणि समोरच्याचं भलं एकत्र साधणं. क्लासच्या भिंतीवर ते लिहिलेलं असतं आणि आपण रोज त्याच्याकडे पाठ करून सराव करतो.

आता माझं ऐक. मी हे कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

मी 38 व्या वर्षी सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी एक कॉलेजची मुलगी माझी जोडीदार होती. माझ्यापेक्षा वजनानं वीस किलो कमी, पण ज्युदोत माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. तिनं ओ सोतो गारी लावला. बाहेरून पाय घालून मागं पाडायचा डाव, तुला येतो. मी पडायला हवं होतं. मी नाही पडलो. अंगाला पीळ दिला, आडवा झालो आणि माझं सगळं वजन तिच्या टेकलेल्या पायावर बाजूनं पडलं. असा आवाज झाला की हॉलमधले सगळे थांबले. लिगामेंट गेलं. पंधरा दिवसांवर तिची राज्य निवड होती. ती गेली नाही.

तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यानं आणखी जड झालं. मी तीन आठवडे घरी बसलो, तुझ्यासारखंच कामाचं कारण सांगून. मग आमचे सर घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, ती परत मॅटवर येईल तेव्हा तिला पडून द्यायला माणूस लागेल, तोवर शीक. ती सहा महिन्यांनी आली. पुढचे दोन महिने मी तिच्यासमोर फक्त पडलो. डाव्या अंगावर, उजव्या अंगावर, मागं. एकही डाव लावला नाही. ज्युदोतलं मला जे काही कळलं, ते त्या दोन महिन्यांत कळलं. तिचा हात बाहीवर किती वेळ आधी घट्ट होतो, तोल कुठं सुटतो, आपला पाय कधी हलका होतो, हे पडणाऱ्याला जेवढं जाणवतं तेवढं फेकणाऱ्याला जाणवत नाही.

पडण्याबद्दल थोडं. हनुवटी छातीला लाव आणि नजर आपल्या पट्ट्याच्या गाठीवर ठेव, म्हणजे डोकं मॅटला लागत नाही. पाठ गोल. मोकळा हात अंगापासून तिरपा ठेव, आणि तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा एकदम मॅटवर आपट. श्वास त्याच वेळी बाहेर सोड. दम धरून पडलास तर आतून हादरा बसतो. हात खाली रोवून पडणं थांबवू बघू नकोस. तिथंच मनगट जातं, कोपर जातं, गळपट्टीचं हाड जातं. स्पर्धेचे नियमसुद्धा हेच सांगतात. पाठ वाचवायला कुणी मुद्दाम डोकं मॅटला टेकवलं तर त्याला सामन्यातून बाद करतात, आणि पुलासारखी कमान करून पाठ अधांतरी धरली तरी समोरच्याला इप्पोन, म्हणजे सामना जिंकून देणारा पूर्ण गुण, मिळतो. मान आणि मणका गमावून पाठ वाचवायची नाही, हे जगभरच्या ज्युदोनं ठरवून टाकलंय.

तुझ्या हातांत फाउंड्रीची ताकद आहे. कॉलर धरलीस की समोरच्याला हलता येत नाही. तुला वाटतं हे चांगलं आहे. पण दंड ताठ असले की समोरच्याचं हलणं तुला कळतच नाही, आणि दहा मिनिटांत बोटं कामातून जातात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, बाकीची सैल. बादली उचलताना कडी धरतो तशी बाही धर.

शरीराचंही एक सांगतो. तिशीनंतर स्नायू दीड-दोन महिन्यांत ऐकायला लागतात, पण सांध्यांच्या दोऱ्यांना कितीतरी महिने लागतात. म्हणून तिसऱ्या महिन्यात अंगात जोर आल्यासारखा वाटतो आणि नेमके तेव्हाच खांदे-गुडघे दुखावतात. तुझा तिसरा महिना चालू आहे. आठवड्यात तीन दिवस पुरे, मधला दिवस मोकळा सोड. सलग दोन रात्रपाळ्या झाल्या असतील त्या दिवशी रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज, करू नकोस, बाजूला बसून बघ.

पट्ट्याच्या रंगाचं विचारलं होतंस. परीक्षा येईल तेव्हा येईल.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एक गोष्ट जपायची. जुलै-ऑगस्टमध्ये ज्युदोचा जाड ड्रेस दोन-दोन दिवस वाळत नाही. ओलसर ड्रेस घालून कधी येऊ नकोस, त्यानं गजकर्ण होतं आणि एकाचं आठ जणांना लागतं. दुसरा ड्रेस शिवून घे. अंगावर गोल लाल चट्टा दिसला तर लपवू नकोस, डॉक्टरांना दाखव आणि बरं होईपर्यंत मॅटवर चढू नकोस. नखं कापलेली हवीत. चप्पल मॅटच्या कडेला, पुढचं तोंड बाहेर करून. जोडीदाराचा मान इथूनच सुरू होतो.

आणि टॅप. गळा आवळला गेला, कोपर ताणलं गेलं, की दोनदा थोपट. जोडीदाराच्या अंगावर थोपट, म्हणजे त्याला ऐकू नाही आलं तरी कळेल. आपल्या मॅटवर मराठी बोलणारे आहेत, कन्नड बोलणारे आहेत, उर्दू बोलणारे आहेत, कॅम्पातून येणारा तो पंजाबी जवान आहे. कुणी "सोड" म्हणतं, कुणी कन्नडात "साकु", म्हणजे पुरे. घाईत कुणाचं काय कानावर पडेल सांगता येत नाही. थापेला भाषा लागत नाही. थाप बसली की त्याच क्षणी सोडायचं, हे सगळ्यांना सारखंच कळतं. बाहेर रस्त्यावर पाटीच्या अक्षरांवरून वर्षानुवर्षं ताणाताणी चाललेल्या या गावात, एक माणूस दुसऱ्याच्या हातात आपली मान देतो आणि तो थापेसरशी सोडतो, हे बघून अजूनही माझा गळा दाटतो.

आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराशमध्ये 52 किलो गटात कांस्यपदक आणलं. कुराश म्हणजे उझबेकिस्तानातली जॅकेट घालून खेळायची कुस्ती, सगळी उभ्यानं, जमिनीवरची झटापट नाही. पदकाचा फोटो आपण सगळ्यांनी बघितला. पण असा खेळाडू घडतो तेव्हा त्याच्यासमोर रोज संध्याकाळी कोणीतरी पडत असतं. त्यांची नावं कुठं छापून येत नाहीत. तू 31 वर्षांचा आहेस, तुझ्याकडून कुणी पदक मागत नाही. पण आपल्या हॉलमध्ये त्या दहावीतल्या पोराला पूर्ण वजनाचा, नीट पडणारा जोडीदार मिळत नाही. बारकी पोरं त्याला पुरत नाहीत आणि मोठी माणसं पडत नाहीत. डिसेंबरात त्याची स्पर्धा आहे.

गुरुवारी साडेपाचला ये, इतर येण्याआधी. मी जाड गादी काढून ठेवतो. त्याला पण बोलावलंय. आधी त्याला सॉरी म्हण, लांबण लावू नकोस. मग तीस वेळा त्याचा सेओई नागे घे, पहिले दहा गादीवर, बाकीचे मॅटवर. मी बाजूला उभा राहून तुझी हनुवटी बघतो. बोटांना लावायची चिकटपट्टी माझ्याकडे आहे, आणू नकोस. ड्रेस वाळला नसेल तर फोन कर, माझा जुना देतो, बाह्या थोड्या आखूड होतील.

तुझा,
मॅटवरचा काका