कॉन्सर्टला जायचंच, तर पूर्ण जा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

रॉक कॉन्सर्टचं तिकीट काढलंस आणि आता अभ्यास बुडेल म्हणून मन खातंय, असं तू लिहिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळीच पेपर असेल तर तिकीट सरळ मित्राला दे. तसं नसेल तर जा, आणि पूर्ण मनाने जा. रांगेत उभ्या उभ्या मोबाइलवर नोट्स चाळायच्या, दोन गाण्यांच्या मध्ये राहिलेल्या धड्यांचा हिशेब करायचा, याला मी विश्रांती म्हणत नाही. त्यात गाणंही जातं आणि अभ्यासही होत नाही.

तिथे जे मिळतं ते हेडफोनवर मिळत नाही. बेस गिटार आणि मोठ्या ड्रमचे खालचे सूर कानांइतकेच छातीत जाणवतात. रेकॉर्डिंगमध्ये चार मिनिटांत संपणारं गाणं मंचावर लांबतं, गिटारवादक भलतीकडेच निघतो, ड्रमर त्याच्याकडे एक नजर टाकून ठेका बदलतो आणि बाकीचे क्षणात सामील होतात. ते बघ. इतक्या गोंगाटातही ही माणसं एकमेकांचं किती बारकाईने ऐकत असतात! त्याचा तुझ्या अभ्यासक्रमाला काही उपयोग नाही, असायची गरजही नाही. एखादं गाणं मोबाइलवर टिपलंस तर हरकत नाही, पण मग तो खिशात टाक.

उभं कुठे राहायचं? पुढच्या कठड्याशी मजा असते, रेटाही असतो. गर्दी दाटली तर हात छातीसमोर धरून थोडं थोडं करत कडेला सरक. आवाज सर्वांत नीट जुळून येतो तो मिक्सिंग डेस्कच्या आसपास, कारण साउंड इंजिनिअर तिथूनच तो जुळवत असतो.

कानांच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. ८५ डेसिबलचा आवाज कानांना दिवसाला ८ तासांपर्यंत सोसवतो असं धरतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये आवाज सहज तिथवर जातो आणि कार्यक्रम दोन-दोन तास चालतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून संगीतासाठी मिळतात ते इअरप्लग घे. ते खालचे-वरचे सूर साधारण सारखेच कमी करतात, त्यामुळे गाणं बोथट होत नाही. स्पीकरला अगदी खेटून उभं राहू नकोस. अधूनमधून बाहेर शांत जागी जाऊन ये. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत राहिली आणि ती दुसऱ्या दिवसानंतरही थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखव.

परत आल्यावर भरपाई म्हणून पुस्तक उघडून बसू नकोस. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, तीच कापलीस तर तोटा तुझाच. सकाळी उशिरा ऊठ, अवघड विषय दुपारनंतर घे.

आणि ड्रमर कसा होता ते सविस्तर कळव.