गोल्फचा हायब्रिड क्लब घेताय? नंबर नको, अंश विचारा

प्रश्न : वय ५८. रविवारी चेंबूरला गोल्फ खेळतो. ७ आयर्नने (पातळ, लोखंडी डोक्याचा क्लब) चेंडू हवेतून १३० यार्ड जातो, ६ ने १४०; पण ५ आयर्नही १४०च्या पुढे सरकत नाही. त्यापुढे एकदम ५ वूड (मोठ्या, गोलसर डोक्याचा, लांब अंतराचा क्लब), १६५ यार्ड. दुकानदार ४ नंबरचा हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) घ्या म्हणतो. घेऊ का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : थांबा. आधी तुमच्या ५ आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या बाजूचा) तिरकेपणा, कंपनीच्या तक्त्यात बघा. जुन्या सेटमध्ये ५ आयर्न २७-२८ अंशांचा असे. हल्लीच्या ‘लांब जाणाऱ्या’ सेटमध्ये तोच २१ ते २३ अंशांवर आलेला असतो. म्हणजे पूर्वीचा ३ किंवा ४ आयर्नच, फक्त त्यावर ५ कोरलेला. स्विंगचा वेग बेताचा असेल तर इतक्या कमी लॉफ्टवर चेंडू चढत नाही आणि ६ आयर्नच्याच आसपास पडतो. यात वयाला दोष देण्यासारखं फार काही नाही.

हायब्रिडच्या डोक्यातलं वजन खाली आणि मागे असतं, त्यामुळे तेवढ्याच लॉफ्टवर चेंडू जास्त उंच उडतो. दांडाही आयर्नपेक्षा साधारण इंचभर लांब, म्हणून अंतर वाढतं. ४ नंबरचा हायब्रिड बहुधा २१ ते २३ अंशांचा, ५ नंबरचा २४ ते २६. तुम्हाला १४० आणि १६५ यांच्या मधोमध, १५० ते १५५ यार्ड टाकणारा क्लब हवा. ४ नंबरचा तुमच्या ५ वूडला जाऊन चिकटेल. आमचं मत : ५ आयर्न पिशवीतून काढा आणि २५ अंशांच्या आसपासचा एकच हायब्रिड घ्या. १४ क्लबांची मर्यादा असताना एकाच अंतरासाठी दोन क्लब वाहण्यात अर्थ नाही.

विकत घेण्याआधी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) त्या हायब्रिडने १० चेंडू मारा. सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडून उरलेल्या सहांची सरासरी काढा. रेंजचे झिजलेले चेंडू कमी जातात, म्हणून त्याच दिवशी त्याच चेंडूंनी ६ आयर्न आणि ५ वूडही मारून बघा. नुसत्या यार्डांपेक्षा तिघांमधला फरक खरं सांगतो.

प्रश्न : माझा हायब्रिड सारखा डावीकडे वळतो. आयर्न सरळ जातात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून सांगतो. पहिला संशय दांड्याच्या वजनावर. आयर्नमध्ये ९५ ते १२० ग्रॅमचा स्टील शाफ्ट आणि हायब्रिडमध्ये ५५ ग्रॅमचा ग्रॅफाइट, असं असेल तर हात लवकर उलटतात. ७० ते ८० ग्रॅमचा शाफ्ट लावलेला क्लब मागून घेऊन मारून पाहा.

दुसरा संशय लायवर, म्हणजे दांडा जमिनीशी करतो त्या कोनावर. सोलवर (डोक्याच्या तळाला) मास्किंग टेप लावून कडक पाटीवरून चेंडू मारा. खूण हीलकडे (दांड्याच्या बाजूला) उमटली तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे, आणि असा क्लब चेंडू डावीकडेच पाठवतो. ग्रिप अर्धा इंच खाली धरली तरी थोडा फरक पडतो.

आणि लॉफ्ट बदलता येणारा क्लब असेल तर एक नेहमीची चूक तपासा. उंची मिळावी म्हणून लॉफ्ट वाढवला की बहुतेक क्लबांचा फेस किंचित बंद होतो. किल्लीने तो मूळ खुणेवर परत आणा आणि मगच शाफ्टवर पैसे घाला.

प्रश्न : पावसाळ्यात हायब्रिड उपयोगी की ५ वूड? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : ओल्या फेअरवेवर (छाटलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) दोन्ही चालतात, पण चेंडू घरंगळत नाही, म्हणून हवेतलं अंतरच धरा. घोट्याएवढ्या ओल्या गवतातून मात्र हायब्रिडच, कारण त्याचं डोकं लहान असतं. चेंडू स्टान्सच्या (दोन पावलांच्या) मध्यापेक्षा थोडा पुढे ठेवा आणि आयर्नसारखा वरून खाली मारा. वूडसारखा झाडायला गेलात की टॉप होतो, म्हणजे फटका चेंडूच्या माथ्यावर बसतो. गवत त्याहून उंच असेल तर ते होझेलभोवती (दांडा डोक्यात बसतो तिथे) गुंडाळून फेस बंद करतं. तिथे वेज (जास्त लॉफ्टचा, जवळच्या अंतराचा क्लब) घेऊन आधी बाहेर या. मे महिन्यात टणक, उघड्या जमिनीवर हायब्रिडचा रुंद सोल उसळतो. तिथे ६ आयर्न बरा. दमट हवेत रबरी ग्रिप घामाने घसरते, दोरा विणलेली कॉर्ड ग्रिप बसवून घ्या.