कंसातलं वाक्य

‘ताई, माझा मुलगा पावणेसहा वर्षांचा आहे. गेले सात-आठ महिने तो पार बदललाय. सकाळी उठवताना रडारड, मोजे घालण्यावरून लोळण, शाळेतून रोज तक्रार: एका जागी बसत नाही, मुलांना ढकलतो. वर्षभर रात्री कोरडा राहायचा, आता आठवड्यातून तीन-चारदा गादी ओली करतो. नवरा म्हणतो, तूच लाडावून ठेवलंस. सासूबाई म्हणतात, धाक नाही. मला आधार आहे तो फोनवरच्या आयांच्या ग्रुपचा. तिथे सांगितलेलं सगळं करून झालं. स्टिकरचा तक्ता, कोपऱ्यात शांत बसवणं, दुर्लक्ष करणं, स्क्रीन बंद. एकीने सुचवलं म्हणून सर्दीचं सिरपही दोन रात्री दिलं, तेवढ्याच रात्री शांत झोपला. (झोपेत मात्र अजून तसाच गोड दिसतो. बाबासारखा घोरतो! व्हिडिओ टाकला तर ग्रुपवर सगळ्यांची हसून पुरेवाट.) आई म्हणून मी कुठे चुकतेय? – हरलेली आई’

अहो, एवढ्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि ते तुम्ही कंसात टाकलंत.

तुमचा मुलगा घोरतो. नवरा, सासूबाई, तक्ता, शाळा, सगळं जरा बाजूला ठेवा. ‘मी कुठे चुकतेय’ हा प्रश्नही ठेवा. त्याचं उत्तर मिळून मुलाला काडीचा उपयोग होणार नाही.

सर्दीत मूल चार दिवस घोरलं तर सोडून द्यावं. पण सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तर तपासून घ्यायलाच हवं. या वयात त्याचं नेहमीचं कारण म्हणजे घशातले टॉन्सिल आणि नाकाच्या मागच्या बाजूला असणारे ॲडेनॉइड. साधारण दोन ते आठ वर्षांच्या मुलांत ही दोन्ही घशाच्या मानाने मोठी असतात. जागेपणी घशाचे स्नायू वाट उघडी धरतात. झोपेत ते सैल पडतात आणि वाट मिटायला लागते. मूल श्वास ओढतं, हवा आत जात नाही, मेंदू त्याला क्षणभर जागं करतो, एक मोठा श्वास, की पुन्हा झोप. असं रात्रीत कितीतरी वेळा. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही, आणि तुमचा हिशेब असतो की चांगला दहा तास झोपला.

मोठ्या माणसाची झोप अशी तुटत राहिली की तो दिवसा पेंगतो. मुलं बहुतेकदा पेंगत नाहीत, इथेच सगळे फसतात. झोप न झालेलं मूल उधळतं, ढकलाढकली करतं, मोज्यावरून जमिनीवर लोळतं. पत्रात तुम्ही हट्ट म्हणून जे जे लिहिलंत, ते अर्धंअधिक झोपेअभावी होऊ शकतं. गादीचंही तेच. रात्रभर अडलेल्या श्वासाविरुद्ध जोर लावताना छातीतला दाब बदलतो, त्यातून शरीराला लघवी जास्त करण्याचा निरोप जाऊ शकतो. त्यामुळे ‘कोरड्या रात्रीचा स्टिकर’ आजच काढून टाका. जे त्याच्या हातात नाही त्याचं बक्षीस लावणं म्हणजे रोज सकाळी त्याला नापास करणं.

मात्र वर्षभर कोरडं राहिलेलं मूल पुन्हा गादी ओली करू लागलं, तर लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि मधुमेह हेही बघावे लागतात. लघवी आणि रक्तातली साखर तपासून घ्या. तहान खूप वाढली असेल, वजन उतरलं असेल, तर ती तपासणी आजच. घोरण्याच्या तपासणीची वाट बघत बसू नका.

आणि ते सिरप. बंद. आत्ता, या क्षणी. सर्दीच्या ज्या औषधाने गुंगी येते, ते श्वास अडणाऱ्या मुलाला रात्री देणं धोक्याचं आहे. ‘शांत झोपला’ म्हणजे बरा झोपला असं नाही. श्वास अडल्यावर मेंदू जे दचकवून जागं करतो, तीच त्याची राखण आहे, आणि गुंगी तिलाच बोथट करते.

ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही. रात्री एक वाजता ‘माझ्याकडेही हेच’ म्हणणारं कुणी असणं याची किंमत मला कळते. पण ग्रुप तुम्ही विचाराल त्याचंच उत्तर देणार. तुम्ही हट्ट विचारलात, हट्टावरचे उपाय आले. घोरणं गंमत म्हणून टाकलंत, त्याही हसल्या. (तो व्हिडिओ ग्रुपवरून काढा. झोपलेल्या लेकराचं हसं करायचं नसतं.)

आता काम एकच: लहान मुलं नेहमी तपासणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या, आणि जाताना नवा व्हिडिओ घेऊन जा. जुना नको. तो झोप लागल्या लागल्या, पांघरुणातल्या चेहऱ्याचा असणार. पहाटे चारचा गजर लावा. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या वेळी स्नायू सर्वांत ढिले असतात आणि अडथळा वाढतो. पांघरूण बाजूला करा, सदरा छातीच्या वर सरकवा, बाजूला बसून डोक्यापासून पोटापर्यंत सगळं दिसेल असं धरा. दिवा मंद. पंखा बंद, नाहीतर त्याचीच घरघर ऐकू येईल. दोन-तीन मिनिटं सलग, मध्ये बोलायचं नाही. दोन-तीन रात्री काढा. एका रात्रीत काहीच न दिसणं शक्य आहे.

बघायचं काय? आवाज मध्येच थांबतो, पण छाती-पोट हलतच राहतं, आणि मग हिसका देऊन श्वास सुटतो का. मोठ्यांमध्ये दहा सेकंदांचा खंड मोजतात, मुलांमध्ये दोन श्वासांएवढा खंडही मोजला जातो. म्हणून ‘एवढंसंच तर थांबला’ म्हणू नका. श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती उलट आत जाते का. गळ्याखालची खळगी आत ओढली जाते का. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपतो का, उशी घामाने भिजते का. ओठ निळसर दिसले तर वेळ-बिळ घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांसमोर ‘फार हट्टी झालाय’ने सुरुवात केलीत तर तिथूनही वळण लावण्याचेच सल्ले घेऊन परताल. पहिलं वाक्य असं: ‘आठवड्यातून इतक्या रात्री घोरतो, सर्दी नसताना, गादी पुन्हा ओली व्हायला लागली आहे.’ मग व्हिडिओ. मग शाळा. तोंडात बॅटरी मारून ‘टॉन्सिल काही फार मोठे नाहीत’ एवढ्यावर सुटका झाली, तर विचारा: ॲडेनॉइडचं काय? ते तोंडातून दिसतच नाहीत. नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बाजूने एक्स-रे काढून बघावे लागतात. शिवाय टॉन्सिलच्या आकारावरून त्रास किती हे ठरत नाही. पक्कं ठरतं ते रात्रभराच्या झोपतपासणीत. तिचा अहवाल लहान मुलांचे निकष माहीत असलेल्याकडूनच वाचून घ्या. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडणं मोठ्यांमध्ये सामान्य मानतात; मुलांमध्ये तासाला एकदा अडणंही जास्तच.

पुढे काय होईल तेही सांगते, म्हणजे ‘ऑपरेशन’ या शब्दाच्या धास्तीने वेळ रद्द करणार नाही. त्रास सौम्य असेल तर बऱ्याचदा नाकातला स्टिरॉइड स्प्रे देतात. तो काही आठवडे रोज मारायचा असतो, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. पाच दिवसांत फरक नाही म्हणून बाटली फडताळात ठेवणं ही नेहमीची चूक. त्रास जास्त असेल तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढतात. 2013 साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, पाच ते नऊ वर्षांच्या 464 मुलांची. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपतपासणी सामान्य आली; ज्यांच्या बाबतीत नुसतं थांबून पाहिलं होतं त्यांच्यातही 46 टक्क्यांची आली. वागणं सुधारल्याचं पालकांनी सांगितलं, पण लक्ष देण्याच्या परीक्षेत मोठा फरक पडला नाही. तेव्हा ‘आमच्याकडे थांबून चालेल का’ हे जरूर विचारा, आणि ऑपरेशन झालं तरी दुसऱ्या दिवशी मोजे निमूट चढतील ही आशा ठेवू नका. चिडचिडीची सवयही लागलेली असते. ती नंतर सोडवता येईल, झोप पुरी झालेल्या मुलाबरोबर.

राहिले बाबा. त्यांचं घोरणंही गमतीचं नाही, आणि हा त्रास घराण्यात चालतो. पण ते मोठे आहेत, त्यांची वेळ ते घेतील. पहाटे चारचा गजर मात्र त्यांच्याच फोनवर लावा. व्हिडिओ त्यांनाच काढू दे. तीन मिनिटं त्याच्या छातीकडे बघत बसू दे. लाड जास्त की धाक कमी, हे भांडण त्यानंतरही करावंसं वाटलं तर खुशाल करा.