सिरॅमिक ब्रॅकेटमुळे घर्षण वाढून दात हळू सरकतात का? मधेच सेल्फ-लायगेटिंग (तार कोंडायला झाकण असलेले) ब्रॅकेट लावून घ्यावेत का?

नाही, मधेच ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेले तार धरणारे तुकडे, बदलू नका. उपदाढ काढली आहे, सुळा मागे ओढायचं काम चालू आहे आणि फट हळू भरतेय, एवढंच तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावरून ब्रॅकेटला दोषी ठरवता येत नाही. मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारी दंतवैद्य आहे आणि माझा एमडीएसचा प्रबंध ब्रॅकेट आणि तार यांच्यातल्या घर्षणावरच होता. त्यामुळे हा प्रश्न दिसला की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

त्या काळात आमच्या विभागात एका कंपनीचा प्रतिनिधी आला होता. त्याने दोन ब्रॅकेट उभे धरून दाखवले. एकात तार नेहमीसारखी रबरी मॉड्यूलने बांधलेली, दुसरा सेल्फ-लायगेटिंग, तार कोंडायला स्वतःचं झाकण असलेला. पहिल्यातली तार जागची हलली नाही, दुसऱ्यातली सुळकन टेबलावर पडली. माझा एक वर्गमित्र लगेच म्हणाला, "बघ, घर्षणच नाही!" मी तार दोन्ही टोकांना ताणून धरायला त्यालाच सांगितलं, तो झाकणाचा ब्रॅकेट चिमट्यात पकडला, जरासा कलता केला आणि तारेवरून ओढला. अडकला. "तोंडात दात कधी इतका सरळ सरकतो का?" असं मी विचारलं. प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, हे फक्त समजावण्यासाठी आहे." पण त्यातून समजत होतं ते चुकीचं होतं, आणि तीच माझी हरकत होती.

ओढ बसते ती दाताच्या वरच्या भागावर. दाताचा खरा प्रतिकार असतो खाली, मुळाच्या भागात. त्यामुळे ओढलेला दात आधी कलतो. ब्रॅकेटमध्ये तार बसते ती खाच ०.०२२ इंच आणि फट बंद करायची तार ०.०१९ इंच उंचीची असेल, तर मोकळी जागा उरते ०.००३ इंच. ब्रॅकेट साधारण ३ मिलिमीटर रुंद धरला तर जेमतेम दीड अंश कलताच खाचेच्या दोन विरुद्ध कडा तारेवर टेकतात. तिथून पुढे रबर आहे की झाकण हा मुद्दा मागे पडतो. तार कडांमध्ये वाकते, दाब वाढतो, दात थबकतो. मग तार आपल्या ताठपणाने मूळ सरळ करते, पकड सुटते आणि दात पुन्हा थोडा पुढे जातो. असाच अडखळत तो चालतो. घासामुळे तारेला बसणारे हादरेही पकड सोडवायला मदत करतात.

माझ्या प्रयोगात सरळ ओढीत अपेक्षित तेच दिसलं: स्टीलच्या तारेला घर्षण सर्वांत कमी, निकेल-टायटॅनियमला जास्त, बीटा-टायटॅनियमला सर्वांत जास्त, आणि सिरॅमिकची खाच स्टीलच्या खाचेपेक्षा खरखरीत. म्हणून सिरॅमिकमुळे घर्षण वाढतं, हे खोटं नाही. काही सिरॅमिक ब्रॅकेटच्या खाचेत धातूचं अस्तर घालतात ते याचसाठी. पण ब्रॅकेट कलता केला की झाकण आणि रबर यांतला फरक झपाट्याने पुसट होत गेला. पुढे रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचण्यांतही सेल्फ-लायगेटिंगमुळे उपचार ठामपणे लवकर संपतात असं सिद्ध झालं नाही. होणार तरी कसं? दात सरकायला एका बाजूचं हाड विरघळावं लागतं आणि दुसऱ्या बाजूला नवं भरावं लागतं. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, हा हाडाचा वेग आहे.

तो वर्गमित्र आज रुग्णांना सांगतो, "घर्षणमुक्त तारा, सहा महिने आधी मोकळे व्हाल." मी त्याला याबद्दल टोकलं तर म्हणाला, "पेशंटला अंश-बिंश कळत नाहीत गं." कळतात. तुम्ही घर्षणाबद्दल स्वतःहून विचारलंत, मग अंश न कळायला काय झालं? झाकणाचा ब्रॅकेट काही नवाही नाही, स्टोल्झेनबर्ग नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टने १९३५ सालीच तसा बनवला होता. घर्षण संपलं असतं तर तेव्हाच संपलं असतं.

घर्षण पूर्ण संपावं असं मला वाटतही नाही. खाचेची तारेवरची पकडच मुळाचा कल ताब्यात ठेवते. जास्त घर्षणाचा खरा तोटा वेगळा आहे. ते मोडायला डॉक्टरांनी ओढ वाढवली, तर सुळा मागे येण्याऐवजी दाढ पुढे सरकते आणि फट भलत्याच बाजूने भरते.

हेही सांगायला हवं की उपचाराच्या सुरुवातीला, बारीक तारेवर वेडेवाकडे दात रांगेत आणताना, झाकणाच्या ब्रॅकेटमध्ये घर्षण खरंच कमी असतं. तार बदलायला वेळही कमी लागतो. सुरुवातच करायची असती तर निवड तुमची. आणि मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही. एखादा ब्रॅकेट निघाला असेल, तार वाकली असेल किंवा खाचेत थर साचला असेल तर त्यानेही दात अडतो, म्हणून ब्रश नीट करा. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: आत्ता कोणती तार आहे, सुळा कलतोय की अख्खा सरकतोय, आणि फट सुळा मागे येऊन भरतेय की दाढ पुढे येऊन? सुरुवातीचे साचे किंवा फोटो शेजारी ठेवून त्यांना हे दाखवता येतं. उत्तर न देता कोणी ब्रॅकेट बदलायचंच बोलू लागलं, तर दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्या.