'सर, थांबू की आणखी एक वर्ष देऊ?'

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझा एक माजी विद्यार्थी पाच वर्षांपासून पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो आहे. आता थांबावे की आणखी एक वर्ष द्यावे, असे तो मला विचारतो. मी त्याला गावी परत यायला सांगावे, अशी त्याच्या वडिलांची गळ आहे. मी काय सांगावे?

उत्तर : यांपैकी कोणतेही उत्तर आपण लगेच देऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यावर त्याची श्रद्धा असल्यामुळे आपला शब्द तो आज्ञेसारखा पाळेल आणि पुढे काहीही घडले तरी तो निर्णय त्याला स्वतःचा वाटणार नाही.

त्याला समोर बसवून गेल्या तीन पूर्वपरीक्षांतले त्याचे गुण आणि त्या त्या वर्षीचे कटऑफ एका कागदावर शेजारीशेजारी लिहायला सांगावे. अंतर दर वर्षी घटत असेल तर गोष्ट वेगळी, जागच्या जागी असेल तर वेगळी; आणि ते त्याला आपल्या सांगण्यापेक्षा स्वतःच्या हस्ताक्षरात अधिक स्पष्ट दिसेल. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा बहुपर्यायी प्रश्नांवर वर्षे घालवलेल्या या मुलाने पूर्ण उत्तरे लिहून कोणाकडून तपासून घेतली आहेत का, हेही विचारावे. खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांपर्यंत मुभा असल्याने वेळ आहे, असे मुले म्हणतात; परंतु वयाची अट आणि घरची ऐपत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॉट बेसिसची जागा (सामाईक खोलीतली भाड्याची एक खाट), अभ्यासिका आणि मेस यांचा खर्च कोण भागवतो, त्यापायी घरावर कर्ज झाले आहे का, हे विचारताना संकोच करू नये.

वडिलांचे म्हणणे मात्र आपला सल्ला म्हणून त्याच्या गळी उतरवू नये. 'वडिलांना असे वाटते' असे उघड सांगावे. ते लपवून ठेवले आणि नंतर कळले, तर आपल्याकडे मन मोकळे करण्याची त्याची वाट बंद होईल.

आणखी एक वर्ष द्यायचे त्याने ठरवले, तर कोणत्या निकालानंतर थांबायचे आणि तोवर दुसरी कोणती परीक्षा किंवा नोकरी हाताशी ठेवायची, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यावे. बोलताना झोप उडाल्याचे, जगण्यात अर्थ वाटत नसल्याचे जाणवले, तर परीक्षेचा विषय तिथेच बाजूला ठेवावा, त्याला एकटे सोडू नये आणि आपल्यासमोरच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर फोन लावून द्यावा.