लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप?
भाऊ, आधी सांग, मशीन घराबाहेर न्यायचंय का? लातूरला रूम करून शिकणार असशील तर लॅपटॉपच घे. गावात बसून टॅली, टायपिंग करायचं असेल तर डेस्कटॉप. तेवढ्याच पैशात ताकद जास्त, अन् कीबोर्ड बिघडला तर नुसता कीबोर्ड बदलायचा. पण यूपीएसचे, म्हणजे लाईट गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याचे, पैसे आधी बाजूला ठेव. आपल्याकडं लाईटचा नेम नाही. मी पहिल्या वर्षी यूपीएस घेतला नव्हता. लाईट गेली अन् तीन तासांची सेव्ह न केलेली फाईल गेली. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस काही मिनिटंच टिकतो, पण तेवढ्यात सेव्ह करून मशीन नीट बंद करता येतं. लॅपटॉप मात्र मे महिन्यात पत्र्याखाली, गादीवर ठेवून चालवू नको. खालची जाळी झाकते, उष्णतेनं बॅटरी लवकर खराब होते. दोन्हींतलं काहीही घे, एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगानं चालणारी डिस्क, असलेलंच घे.