जुना टीव्ही कुणाच्या हवाली करायचा?

प्रश्न : मी अमळनेरला राहते. माळ्यावर जुना, पेटीसारखा टीव्ही आणि दोन बंद मोबाइल पडून आहेत. भंगारवाला सगळ्याचे दीडशे देतो. मुलगा म्हणतो, याची विल्हेवाट कंपनीनं लावायची असते. पण त्या टीव्हीची कंपनीच आता राहिली नाही. आते काय करू, भाऊ?

उत्तर : ताई, भंगारवाल्याला सध्या थांबवा. जळगावात चोवीस वर्षं मी टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. मागच्या नाल्याकाठी संध्याकाळी दोन पोरं बसायची. पिक्चर ट्यूबच्या मानेवर दगड मारायचा, फस्सकन हवा आत शिरायची, मग मानेभोवतीच्या तारेच्या वेटोळ्याचं, म्हणजे योकचं, तांबं ओढून काढायचं. वायरींचा गुंता पेटवायचा आणि राखेतून तार वेचायची. काच नाल्यात. त्या काचेत शिसं असतं. धाकट्याचे तळहात कापल्याच्या वणांनी भरलेले होते. त्यांच्याकडे जाणारा माल माझ्याच दुकानातला होता, हे मला आजही सलतं.

आता कंपनीचं. उत्पादकाची जबाबदारी आपल्या कायद्यात 2012 पासून आहे. 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम लागू झाले. कंपनीनं पूर्वी विकलेला जो माल आता आयुष्य संपून बाद होणार, त्याच्या वजनाचा ठरावीक हिस्सा तिनं रिसायकल करवून घ्यायचा : पहिली दोन वर्षं 60 टक्के, 2025-26 पासून दोन वर्षं 70, पुढे 80. नोंदणीकृत रिसायकलर माल फोडतो, कंपनी त्याच्याकडून प्रमाणपत्रं घेते. हिशोब वजनाचा आहे, ब्रँडचा नाही. म्हणून तुमची कंपनी बुडाली तरी तुमचा टीव्ही दुसऱ्या कुणाच्या खात्यात मोजला जाऊ शकतो. मात्र तो रिसायकलरपर्यंत पोहोचला तरच.

आणि माझी तक्रार इथंच आहे. वजन मुंबई-पुण्यात भरलं की अमळनेरला गाडी पाठवायची कंपनीला गरजच उरत नाही. शिवाय प्रमाणपत्रं निघतात सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर. शिशाच्या काचेवर काहीच नाही. नाल्याकाठच्या पोरांनाही भाव तांब्याचाच मिळायचा!

तुम्ही असं करा. एका टीव्हीसाठी कुणी येणार नाही, म्हणून बचत गटातल्या बायकांना विचारून गल्लीतला माल एकत्र करा. टीव्ही, मिक्सर, चार्जर, ट्यूबलाइट, सगळं चालतं. ट्यूबलाइट तेवढ्या फुटू देऊ नका, त्यात पारा असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची यादी आहे. मुलाला त्यातला जवळचा शोधायला सांगा, गाडी पाठवाल का विचारा, आणि माल देताना वजनाची पावती घ्या. मोबाइलमधलं सिम आणि मेमरी कार्ड काढा. बॅटरी फुगलेली असेल तर तिला दाबू किंवा टोचू नका, फोन तसाच वेगळा ठेवा.

नवा टीव्ही घेताना दुकानदार जुना बदलून घेतो म्हणाला, तर तो पुढं कुणाकडे जातो ते विचारा. नाव सांगता आलं नाही, तर टीव्ही माळ्यावरच राहू द्या.